चुन्यातला चेहरा



चुना म्हटला की आपल्याला काय आठवते? पानाला लावायचा चुना. तंबाखूत मळायचा चुना. दिवाळीच्या आधी भिंतीला मारायचा चुना. कोणी कोणाला फसवले तर आपण म्हणतो, "त्यानं मले चुना लावला ना!" पण याच चुन्यातून माणसाचा चेहरा घडवता येतो आणि तो चेहरा तेराशे वर्षे टिकू शकतो, हे मला यंदाच्या पावसाळ्यापर्यंत माहीत नव्हते. ते मला कसे कळले आणि चुन्याचा चेहरा कसा तयार होतो, हे मी या लेखात सांगणार आहे.

माझे आबाजी, म्हणजे वडिलांचे वडील, गवंडी होते. ते १९९१ साली वारले. तेव्हा माझे बाबासुद्धा लहान होते. मी आबाजींना कधीच पाहिले नाही. त्यांचा एकच फोटो होता, तो १९७८ साली काढलेला. तो आजीच्या लोखंडी पेटीत लुगड्याच्या घडीत ठेवलेला असे. या श्रावणात आमच्या घराची कौले सरकली आणि पेटीत पाणी गेले. फोटो वाळवला तेव्हा त्यात आबाजींच्या चपला दिसत होत्या, धोतर दिसत होते, खुर्चीवर ठेवलेला हात दिसत होता. चेहऱ्याच्या जागी मात्र पांढरा डाग पडला होता. फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहिलेले नाव आणि साल जसेच्या तसे होते.

मी तो फोटो उन्हात धरून पाहत बसले होते. आजी म्हणाली, "काहून पाहून राहिली वो पोरी? नाव राहिलं अन् माणूस पुसून गेला."

ही गोष्ट मी वर्गात गुरुजींना सांगितली. गुरुजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "अगदी असंच एका राजाच्या घराण्याचं झालेलं आहे, आणि तेही आपल्याच महाराष्ट्रात." आणि त्यांनी नाणेघाटाची माहिती सांगितली.

पुणे जिल्ह्यात जुन्नर आहे. तेथून खाली कोकणात उतरायचा जुना घाट म्हणजे नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातून आलेला माल बैलांच्या पाठीवर लादून या घाटाने वर येत असे. तेव्हा तेथे सातवाहन राजांचे राज्य होते. घाटमाथ्यावर दगडात कोरलेली एक गुहा आहे. तिच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिच्या नावाने तो ओळखला जातो. त्याच गुहेत मागच्या भिंतीवर राजघराण्यातील माणसांचे पुतळे ओळीने कोरले होते. प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचे नाव होते. सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि राजा सातकर्णी, कुमार हकुसिरी, अशी ती नावे आहेत. म्हणजे ते त्या घराण्याचे फोटोच म्हणा ना!

आज ते पुतळे नाहीत. फुटून गेले. काहींच्या पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत, आणि वरची नावे. मला लगेच आमच्या फोटोतल्या चपला आठवल्या.

मी गुरुजींना विचारले, "गुरुजी, दगडाचे चेहरे जर टिकले नाहीत, तर मग कशाचे टिकतील?" गुरुजी हसले आणि म्हणाले, "तुझे आबाजी कशात काम करत होते?" मी म्हणाले, "चुन्यात." गुरुजी म्हणाले, "मग आधी चुना म्हणजे काय ते समजून घे."

आता चुन्याची माहिती सांगते. आपल्याकडे चुना समजायला लांब जावे लागत नाही. वर्धा नदी ओलांडून राजुऱ्याकडे गेले की जमिनीखाली चुनखडीचा दगड आहे. त्या दगडाच्या जोरावरच गडचांदूर आणि आवारपूर येथे सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले. चुनखडीचा दगड भट्टीत सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवला की त्यातून कार्बन डाय-ऑक्साइड वायू निघून जातो. शुद्ध चुनखडी १०० किलो जाळली तर ५६ किलो चुना उरतो. बाकीचा ४४ किलो वायू होऊन हवेत जातो. उरलेल्या पांढऱ्या, हलक्या खड्यांना कळीचा चुना म्हणतात. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, उकळतो, वाफा निघतात आणि त्याचे लोण्यासारखे मऊ पीठ होते. यालाच चुना विझवणे म्हणतात. (मुलांनो, हे काम मोठ्या माणसांनीच करायचे. डोळ्यात कण गेला तर डोळा जाऊ शकतो.)

खरी गंमत पुढे आहे. हा मऊ चुना भिंतीला लावला की तो हवेतला तोच कार्बन डाय-ऑक्साइड हळूहळू परत घेतो आणि परत दगड होतो. म्हणजे दगडाचे लोणी झाले आणि लोण्याचा पुन्हा दगड झाला. मधल्या वेळात त्याला पाहिजे तो आकार देता येतो.

हे खरे की खोटे, ते आम्ही वर्गात करून पाहिले. गुरुजींनी विझवलेला चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवला. सकाळी वर स्वच्छ पाणी आले. ही चुन्याची निवळी. ती पेल्यात घेऊन गुरुजींनी तीत पपईच्या देठाच्या नळीने हळूहळू फुंकर मारली. काही वेळातच निवळी दुधासारखी पांढरी झाली. आपल्या श्वासात कार्बन डाय-ऑक्साइड असतो. निवळीतला चुना तो घेतो आणि त्याचे दगडाचे बारीक बारीक कण होतात. तेच पांढरे दिसतात. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "म्हणजे गुरुजी फुंकरीनं दगड बनवते!" सगळे हसले, पण बोलला ते बरोबर होते.

आपल्या बल्लारपूरचा किल्लासुद्धा दगड आणि चुन्याचाच. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याने पंधराव्या शतकात वर्धा नदीच्या काठी तो बांधला आणि येथे राजधानी केली. याच राजाच्या अंगावर फोड आले होते, झरपट नदीकाठच्या कुंडाच्या पाण्याने ते बरे झाले, आणि मग त्याने चंद्रपूर वसवायला घेतले, ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. या राजाच्या नावाने आपले गाव आहे, आपले रेल्वे स्टेशन आहे. पण त्याच्या काळात घडवलेला त्याचा चेहरा मी तरी कोठे पाहिलेला नाही. हीही नाणेघाटासारखीच गोष्ट झाली. नाव आहे, चेहरा नाही.

मग चुन्याची माणसे कोठे आहेत? पुण्याकडे, वाईकडे पेशवाईतील देवळांच्या शिखरांवर कोनाड्यांत लहान लहान मूर्ती बसवलेल्या असतात. त्या विटा आणि चुन्याच्या असतात. या कामाला चुनेगच्ची म्हणतात. पण त्याहून फार जुना चुन्याचा माणूस आपल्या विदर्भातच सापडला आहे. नागपूरहून जबलपूरकडे जाताना रामटेकच्या अलीकडे मनसर लागते. तेथे हिडिंबा टेकडी आहे. पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी येथे होती, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा विटांच्या बांधकामात चुन्याने घडवलेली एका पुरुषाची मोठी आकृती मिळाली. काही विद्वान म्हणतात की यज्ञात माणसाऐवजी ही आकृती अर्पण केली असावी. काहींना तो वास्तुपुरुष वाटतो. आपण घर बांधताना वास्तुशांत करतो, तसे काहीतरी. काहीही असो, हा माणूस कोणी एक ठरावीक माणूस नाही. त्याला नाव नाही. तो कोणाचा फोटो नव्हे.

नाव असलेल्या, ओळखू येणाऱ्या माणसाचा चुन्यातला चेहरा पाहायचा तर पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला जावे लागते. गुरुजींनी नकाशा काढला आणि अमेरिका खंडाच्या मधल्या चिंचोळ्या भागावर बोट ठेवले. तेथे मेक्सिको आणि ग्वाटेमाला हे देश आहेत. आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. तेथे प्राचीन काळापासून माया नावाचे लोक राहतात. मी हे घरी सांगितले तर आजी म्हणाली, "माया तर आईची असते." ही ती माया नव्हे. हे लोकांचे नाव आहे. माया लोक संपले असे कोणी म्हणेल तर ते चूक आहे. आपल्याकडे जसे गोंड राजांचे राज्य गेले पण गोंडी बोलणारे लोक येथेच आहेत, तसे आजही लाखो लोक तिकडे माया भाषा बोलतात.

त्यांचा मुलूख बराचसा आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीसारखाच, म्हणजे जंगलाचा. पाऊस मात्र आपल्याहून पुष्कळ जास्त. चुनखडीचा दगड भरपूर, लाकूड भरपूर. ते लाकडांची रास रचून तिच्यावर चुनखडी जाळत. चुना त्यांच्या घरातही लागे. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवायचे, साल काढायची आणि मग वाटून भाकरी करायची. आजही तिकडे असेच करतात. चुन्यानेच ते अंगण, भिंती आणि देवळे गुळगुळीत करत.

मेक्सिकोच्या दक्षिण भागात पालेंके नावाचे त्यांचे जुने शहर आहे. तेथे पकाल नावाचा राजा होऊन गेला. पकाल म्हणजे ढाल. त्याचा जन्म इ. स. ६०३ सालचा. ६१५ साली तो गादीवर बसला तेव्हा फक्त बारा वर्षांचा होता, म्हणजे आमच्या वर्गाएवढा! त्याने ६८ वर्षे राज्य केले आणि ६८३ साली वयाच्या ऐंशीव्या वर्षी तो वारला. त्याच्या राज्याच्या पहिल्या पंचवीसेक वर्षांत आपल्याकडे चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करत होता.

पालेंकेचे कारागीर चुन्याचे काम करण्यात फार हुशार होते. त्यांची रीत अशी. आधी भिंतीवर लहान लहान दगडांच्या चिपा चुन्याने चिकटवायच्या. हा झाला सांगाडा. त्यावर चुन्याचा थर देऊन नुसते अंग घडवायचे. मग त्या अंगावर चुन्याचेच कपडे चढवायचे. आधी आतला कपडा, मग कमरपट्टा, मग माळा, एकावर एक थर. आपण सकाळी कपडे घालतो त्याच क्रमाने! वरचा थर निघाला तर खाली पूर्ण अंग घडवलेले दिसते. मर्ल ग्रीन रॉबर्टसन नावाच्या बाईंनी पालेंकेच्या शिल्पांची वर्षानुवर्षे चित्रे काढली, तेव्हा हे सगळे नीट समजले. शेवटी रंग. माणसांच्या अंगाला तांबडा, देवाधर्माच्या वस्तूंना निळा.

चुना घट्ट व्हावा म्हणून माया लोक त्यात झाडाच्या सालीचे चिकट पाणी घालत. होंडुरास देशातील कोपान या माया शहराच्या गिलाव्याचा अभ्यास शास्त्रज्ञांनी २०२३ साली प्रसिद्ध केला. अशा झाडांच्या रसाने चुन्याची ताकद वाढते, असे त्यांना दिसले. हे मी आजीला वाचून दाखवले तेव्हा तिला काहीच नवल वाटले नाही. ती म्हणाली, "तुह्ये आबाजी हिरड्याचं पाणी घालत, गूळ घालत, बेलाचा गर घालत. जंगलात का कमी हाय का?" आपल्या देशातल्या जुन्या गवंड्यांनाही हीच युक्ती माहीत होती. मधे एवढा समुद्र, कोणी कोणाला विचारले नाही, तरी दोन्हीकडच्या कारागिरांना चुन्याने एकच धडा शिकवला!

आता चेहऱ्याकडे येऊ. पालेंकेत एका उंच पायऱ्यापायऱ्यांच्या देवळात १९४९ साली आल्बेर्तो रुझ या पुरातत्त्व शास्त्रज्ञाला जमिनीच्या फरशीखाली जिना सापडला. तो दगडमातीने गच्च भरलेला होता. तो मोकळा करायला चार हंगाम लागले. १९५२ साली खाली खोली सापडली. खोलीत दगडाची मोठी शवपेटी होती. तिच्यावर कोरीवकाम केलेले ३.८० मीटर लांबीचे दगडी झाकण होते. आत राजाचा देह होता आणि त्याच्या तोंडावर हिरव्या जेड दगडाच्या तुकड्यांचा मुखवटा होता. आणि त्या शवपेटीच्या खाली, जमिनीवर, चुन्याची दोन डोकी ठेवलेली होती.

मी त्यांतल्या एकाचे चित्र गुरुजींच्या पुस्तकात पाहिले. कोणा देवाचे तोंड असावे तसे ते नाही. समोर माणूस बसला आहे असेच वाटते. नाक लांब, थेट कपाळावरून निघालेले. ओठ जरासे उघडे, जणू आता काही बोलेल. गालफडे वर आलेली. केस पायऱ्यापायऱ्यांनी कापून वर बांधलेले, मक्याच्या पानांसारखे. कपाळ मागे गेलेले आहे, कारण माया लोक तान्ह्या बाळाच्या डोक्याला फळ्या बांधून कपाळ चपटे करत. त्यांना ते सुंदर वाटे. हा चेहरा पकाल राजाचा आहे असे बहुतेक अभ्यासक मानतात.

ही डोकी मुळात दुसऱ्याच कोठल्या तरी मोठ्या पुतळ्यांची होती. ती तेथून काढून राजाबरोबर ठेवली. म्हणून तर ती वाचली! बाहेर देवळाच्या खांबांवर अशाच चुन्याच्या मोठमोठ्या आकृती आहेत. त्यांच्यावर शेकडो वर्षे पाऊस पडला, मुळे शिरली आणि पुष्कळांचे चेहरे गळून गेले. चुना तोच, कारागीर तसेच. फरक एवढाच की एकाला छप्पर मिळाले, दुसऱ्याला नाही. २०१८ साली पालेंकेच्या राजवाड्यात चुन्याचा आणखी एक मुखवटा सापडला. त्याच्या तोंडावर सुरकुत्या आहेत. तो म्हाताऱ्या पकालचा असावा, असे तेथील शास्त्रज्ञांनी सांगितले. तोसुद्धा मातीखाली झाकलेला होता.

यात एक मजा आहे. १९५२ साली चेहरा सापडला, तेव्हा त्याचे खरे नाव कोणालाच वाचता येत नव्हते. माया लोकांची लिपी चित्रांसारखी आहे आणि ती तेव्हा पुरती उलगडली नव्हती. १९७३ साली पालेंके येथे अभ्यासकांची बैठक भरली. तीत लिंडा शील, पीटर मॅथ्यूज आणि फ्लॉइड लाउन्सबरी यांनी लेख वाचून राजांची नावे आणि साली क्रमाने लावली. तेव्हा कुठे ढालीच्या चिन्हाचा हा राजा पकाल म्हणून कळला. म्हणजे एकवीस वर्षे त्या चेहऱ्याला नाव नव्हते. नाणेघाटात नाव आहे पण चेहरा नाही. पालेंकेत चेहरा होता, नाव मागाहून मिळाले.

हे ऐकल्यावर माझ्या मनात एकच विचार आला. आबाजींचे नाव आमच्याकडे आहे. मग त्यांचा चेहरा चुन्यात करता येईल का?

गुरुजी म्हणाले, "करून पाहू." शाळेमागच्या जुन्या विटा घेतल्या. वर्धेची वाळू दोनदा चाळली. चुना गावातल्या एका वयस्क गवंडीकाकांनी विझवून, आठ दिवस पाण्यात मुरवून आणून दिला. हिरडे कुटून पाण्यात भिजवले, त्या पाण्यात थोडा गूळ विरघळवला. काकांनी आम्हा सर्वांना रबरी हातमोजे घालायला लावले.

पहिला चेहरा बिघडला. आम्ही घाई केली. दोन बोटे जाडीचा थर एकदम दिला आणि लवकर वाळावा म्हणून विटा उन्हात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कपाळापासून हनुवटीपर्यंत भेगाच भेगा! काका म्हणाले, "चुन्याला घाई चालत नाही पोरांनो. तो उन्हानं वाळत नाही, हवेनं पिकतो." पाणी झपाट्याने उडून गेले की चुना आकसतो आणि फुटतो. शिवाय हवेतला वायू घ्यायला त्याला थोडा ओलावा लागतोच. म्हणून दुसऱ्या वेळी पातळ पातळ थर दिले. सावलीत ठेवले. वर ओले गोणपाट घातले.

पण चेहरा करायचा तर कोणाचा पाहून? फोटोत तर पांढरा डाग. मग मी आजीजवळ वही घेऊन बसले. आजी सांगत गेली आणि मी लिहीत गेले. कपाळ रुंद. डाव्या भुवईवर खूण, परातीचा कोपरा लागला होता. कान मोठे, बाबांसारखे. मिशा बारीक. हसताना एकच गाल वर जायचा. आजी इतके बोलली की मला वाटले, हिच्याजवळ तर सगळा फोटो आहे, फक्त आपल्याला दिसत नाही.

गेल्या शनिवारी मी आजीला शाळेत घेऊन आले. चेहरा तयार होता, वरचा थर अजून ओला होता. आजीने चष्मा नीट केला. बराच वेळ पाहिले. मला वाटले तिला आवडला नाही. मग ती म्हणाली, "नाक असं टोकदार नोहोतं त्याईचं. जरा बसकं होतं." आणि कोणी काही म्हणायच्या आत तिने पुढे होऊन अंगठ्याने नाक दाबले. एकदाच, हळू. गवंडीकाका तिला थांबवायला निघाले होते, ते तिथेच थांबले. आजी मागे सरली आणि म्हणाली, "हां. आता हाय." मी तिचा अंगठा लगेच पाण्याने धुतला आणि खोबरेल तेल लावले. आजी म्हणाली, आबाजी संध्याकाळी घरी आले की ती त्यांच्या हातांना असेच तेल लावायची. चुन्याने त्यांच्या बोटांना भेगा पडायच्या.

तेव्हा मला समजले की पालेंकेच्या कारागिरांनी चेहऱ्यांसाठी चुना का घेतला असेल. दगडातून फक्त काढता येते. नाक जास्त तासले गेले तर गेले, पुन्हा लावता येत नाही. चुन्यात काढताही येते आणि भरही घालता येते. माणूस समोर बसवून, किंवा त्याला ओळखणाऱ्याला विचारून, पुन्हा पुन्हा दुरुस्त करता येते. म्हणून तो चेहरा त्या माणसासारखा होतो.

आमचा चेहरा काही पकालच्या चेहऱ्यासारखा झालेला नाही. एक कान दुसऱ्यापेक्षा मोठा झाला आहे. मिशांपाशी बारीक भेग आहे. तरी माझ्या बाबांनी तो पाहिला तेव्हा ते काही बोलले नाहीत. खिशातून रुमाल काढला आणि आधी हात पुसले, मगच त्याच्या जवळ गेले.

तो चेहरा या भित्तिपत्रकाच्या खाली, व्हरांड्यात, पावसाचे पाणी येणार नाही अशा जागी ठेवला आहे. विटेवर आम्ही आबाजींचे नावही कोरले आहे, म्हणजे दोन्ही एकत्र राहतील. तो अजून पिकतो आहे. कृपा करून कोणी हात लावू नये.

पालकांना माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी ज्यांनी आबाजींना पाहिले असेल, त्यांच्या हाताखाली काम केले असेल, त्यांनी चेहरा नीट पाहावा आणि काही चुकले असेल तर मला सांगावे. कान कमी करायचा का, भुवई अशीच होती का. काका म्हणाले आहेत की वरून आणखी एक पातळ थर देता येतो. आणि ज्यांच्या घरी कोणा जुन्या माणसाचा फोटो नाही, पण त्याला पाहिलेले कोणी घरात आहे, त्यांनीही गुरुजींना भेटावे. आमच्याकडे चुना मुरत ठेवलेला आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी